निगडकर बाई आणि तीन आगी

हल्ली मोबाइलवर कुठलीही मालिका लावा, त्यात गुन्हेगाराचं मन वाचणारा कुणीतरी असतोच. तो काळा कोट घालून मुडद्याशेजारी उभा राहतो, डोळे मिटतो आणि सांगून टाकतो, की खुनी डावखुरा आहे, चाळिशीचा आहे आणि लहानपणी त्याचा आईनं छळ केला होता. माझी बायको हे सगळं श्वास रोखून बघते. मला मात्र हसू येतं, कारण हे काम खऱ्या आयुष्यात करणारं एक माणूस मी जवळून बघितलंय. कोट नाही की काही नाही. सुती पातळ, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि पिशवीत भडंगाचा डबा. डॉ. मालती निगडकर. पोलीस त्यांना मॅडम म्हणत, बाकी सगळे निगडकर बाई.

बाई मूळच्या साताऱ्याच्या. तिथल्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. शिकवता शिकवता त्यांना तुरुंगात जाऊन कैद्यांशी बोलायची सवय लागली. आधी महिन्यातून एकदा जायच्या, मग आठवड्याला, आणि नोकरी संपल्यावर तर सांगलीला बिऱ्हाडच केलं. चोर, खुनी, ठग, जाळपोळ करणारे, सगळ्यांसमोर बसून त्या एकच विचारत, ‘काय केलंस ते सांग. का केलंस ते नंतर.’ अशी किती माणसं त्यांनी ऐकली असतील, त्यांनाच माहीत. पुढं एखादी गुंतागुंतीची केस आली की पोलीस त्यांना बोलवायला लागले. गुन्हा कसा झाला हे बघायचं आणि असं करणारा माणूस कसा असेल, हे सांगायचं. या कामाला इंग्रजीत भारदस्त नाव आहे. बाई त्याला ‘माणूस ओळखणं’ एवढंच म्हणत.

माझं सांगलीत औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसेल तेव्हा मी रहस्यकथा लिहितो. माझा नायक अनिरुद्ध सरंजामे. उंच कपाळ, भेदक नजर, कमी बोलणं. दिवाळी अंकांतून त्याला बऱ्यापैकी वाचक होते आणि मला थोडा माज होता. एका दिवाळीनंतर बाई रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला दुकानात आल्या. हातात अंक होता.

“हे तूच लिहितोस ना रे?”

मी लाजल्यासारखं केलं.

“तुझ्या सरंजामेनं खुन्याच्या चपलेवरून त्याचं बालपण सांगितलं. मला चपलेवरून चपलेचा नंबर कळतो. आणि काय रे, हा माणूस कधी जेवत नाही का? अख्ख्या कथेत चहासुद्धा नाही!”

मला राग आला. गोळ्यांची पट्टी काउंटरवर जरा जोरातच ठेवली. त्यावर बाई म्हणाल्या, “राग आला की तू वस्तू आपटतोस, माणसावर ओरडत नाहीस. बरा आहेस,” आणि पिशवीतला डबा काढून माझ्यापुढं धरला. मी भडंग खाल्लं. तेव्हापासून माझी प्रत्येक कथा छापायला जाण्याआधी बाईंच्या घरी जायला लागली आणि तिथून जखमी होऊन परत यायला लागली.

कुणाला वाटेल, बाईंना रहस्यकथांचा तिटकारा असेल. अजिबात नाही! मिळेल ते त्या वाचत. टीव्हीवरच्या गुन्हेगारीच्या मालिका तर इतक्या मोठ्या आवाजात बघत, की खालच्या मजल्यावरचे काका वैतागून वर यायचे. त्यांनाही बाई बसवून घेत. मालिकेतल्या इन्स्पेक्टरला मोठ्यानं सूचना चालत. “अरे, शेजारणीला विचार ना! राक्षस काय शोधतोयस, शेजारी शोध!” इन्स्पेक्टर ऐकायचा नाही. मग बाई काकांकडं बघून हताशपणे मान हलवत. मी एकदा विचारलं, एवढं खोटं असतं तर बघता कशाला? बाई म्हणाल्या, “गोष्टीत शेवटी सापडतो रे तो. माझ्याकडं निम्म्या वेळा सापडत नाही. मलाही झोप लागायला हवी ना.”

त्यांची रीत साधी होती. जिथं घटना घडली तिथं त्या त्याच वेळेला जात, जिथं बसता येईल तिथं बसत, डबा उघडत आणि खात खात बघत राहत. पोलिसांना हे विचित्र वाटे. पण बाई गुन्हेगारानं काय केलं त्यापेक्षा त्याला काय करता आलं असतं आणि केलं नाही, ते बघत. साताऱ्यातली एक घरफोडी आठवते. चोरानं कपाट फोडलं, दागिने नेले. पण जाण्याआधी दिवाणखान्यातला आजोबांचा फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवला. शिपायांना वाटलं, काहीतरी जादूटोणा. बाई म्हणाल्या, “जादूटोणा कसला, त्याला लाज वाटलीय. आजोबा बघतायत म्हणून फिरवला. ज्याला या आजोबांची लाज वाटेल असा कोण आहे?” असा एक पुतण्या होता. दागिने त्याच्या गादीखाली मिळाले. मी हे ऐकून उड्याच मारल्या. सरंजामेच्या पुढच्या कथेत हे घालणार म्हणालो. बाईंनी मला गप्प केलं आणि कोरेगावची गोष्ट सांगितली.

कोरेगावची गोष्ट त्या प्रत्येक व्याख्यानात सगळ्यात आधी सांगायच्या. तिथं एका घरावर रोज दगड पडत. बाईंनी वर्णन करून दिलं, तरुण, एकलकोंडा, रागीट मुलगा असेल. पोलिसांनी गल्लीतला तसा एक मुलगा उचलला. तो तरुण होता, एकलकोंडा होता, आणि उचलल्यावर रागीटही झाला. दगड मारणारी निघाली समोरच्या बंगल्यातली एक संसारी बाई. मुलगा सुटला, पण तोवर त्याचं ठरलेलं लग्न मोडलं होतं.

“मी माणसाचं नुसतं वर्णन केलं, आणि त्यांनी त्यात माणूस भरला,” बाई म्हणत. हे सांगताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. त्यानंतर पोलिसांनी ‘कोण असेल?’ विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. “मी नाव सांगणार नाही. कुणाच्या दारात जाऊ नका, तेवढं सांगेन.”

आता उसाच्या आगींकडं येतो.

कडेगाव तालुक्यातल्या एका गावात ऐन गळीत हंगामात उभे ऊस पेटायला लागले. एकाचा पेटला, काही दिवसांनी दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. तिन्ही वेळा भल्या सकाळी. तिसऱ्या वेळी वारं फिरलं, आग शेजाऱ्याच्या गोठ्याला लागली आणि त्याची गाभण गाय भाजून मेली. तोवर गाव फक्त कुजबुजत होतं, आता खवळलं. ऊस पेटवणारा माथेफिरू शोधा म्हणून सगळे ठाण्यावर गेले. आणि तिथं एक नाव पुढं आलं, सारिकाचं.

सारिका त्याच गावातली, अल्पभूधारकाची मुलगी. शाळेत असल्यापासून रोज पहाटे कालव्याच्या रस्त्यावर पळायची. पोलीस भरतीसाठी. त्या वर्षी तिची सातारा जिल्ह्यात निवड झाली होती. फक्त चारित्र्य पडताळणीचा कागद यायचा बाकी होता. आता तिन्ही शेतं नेमकी त्या कालव्याच्या कडेला, आणि तिन्ही सकाळी तिला तिथं पळताना लोकांनी पाहिलेलं. त्यात तिसरं शेत होतं तानाजीबापूंचं. बापूंचा आणि सारिकाच्या वडिलांचा बांधावरून जुना वाद. झालं! गुन्ह्यात तिचं नाव लागलं असतं तर भरती तिथंच संपली असती. तिचं वयही पुढच्या भरतीत बसणार नव्हतं.

इन्स्पेक्टर सावंत भला माणूस, कोकणातला, नुकताच बदलून आलेला. त्याला त्या मुलीवर घाईनं गुन्हा घालायचा नव्हता, पण गावाचा दाब होता. त्यानं बाईंना फोन केला. बाईंनी मला केला. “तुझी गाडी आहे ना? दुकान बायकोवर सोड आणि चल. तुझ्या सरंजामेला जरा ऊन लागू दे.”

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी पोचलो, तर सावंत फाट्यावर उभाच होता. डोळ्यांत वेगळीच चमक. “मॅडम, तीन आगी, एकच वेळ, एकच रस्ता. ही मालिका आहे. एकाच डोक्याचं काम. आगीची विकृती असलेला कुणीतरी.” खरं सांगतो, मीही फुललो होतो. सरंजामेला अशीच केस हवी होती.

बाई म्हणाल्या, “आधी पहिलं शेत.”

पहिल्या शेतातला ऊस तुटून गेला होता. काळी ढेकळं आणि खोडकी उरलेली. बाई कॅनव्हासचे बूट काळे करत चहूबाजूंनी फिरल्या. शेताच्या कडेनं पाला ओढून स्वच्छ पट्टा केलेला दिसत होता. त्यामुळं आग बांधाबाहेर गेली नव्हती. ठिबकच्या नळ्या गुंडाळून विहिरीपाशी ठेवलेल्या. एकही वितळलेली नव्हती. दुसऱ्या शेतात निराळंच. डिझेलची बाटली झुडपात, अर्ध्या जळालेल्या काड्यांचा सडा, दोनतीन ठिकाणी पेटवायचा प्रयत्न करून सोडून दिलेला. शेवटी एका कोपऱ्यात पेट घेतलेला. तिथं बसून बाईंनी डबा उघडला. सावंतलाही मूठभर दिलं.

तिसऱ्या शेतात कसलीच तयारी नव्हती. पट्टा नाही, काही नाही. पाल्यात काडी टाकून मोकळं झालेलं. वाऱ्याचाही विचार नव्हता. शेजारचा जळका गोठा बघवत नव्हता. बाई बराच वेळ तिथं थांबल्या. मग बांधाच्या टोकाला लिंबाच्या झाडाखाली गेल्या आणि तिथून मला हाक मारली.

झाडाखाली म्हसोबा होता. शेंदूर लावलेला दगड. आपल्याकडं प्रत्येक शेताच्या बांधाला असतो तसा. त्याच्या भोवतीचा पाला कुणीतरी हातानं लांब सारला होता. गोल, स्वच्छ जागा. आग त्या गोलापर्यंत येऊन थांबली होती. दगडावर काजळीचा ठिपका नव्हता.

बाई सावंतकडं वळल्या. “पहिल्यानं आठवडाभर विचार केलाय. घरात बोलून, सगळं आवरून पेटवलंय. दुसरा पेटवताना थरथरत होता, त्याला ते करायचंच नव्हतं. तिसऱ्याला मरणाची घाई होती, पण देवाला धग लागू नये एवढी काळजी होती. सावंत, हा एक माणूस कसा असेल? ही तीन माणसं आहेत.”

“तीन माथेफिरू?”

“माथेफिरू कुठले? माथेफिरू दुसऱ्याच्या ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवतो का? दुसऱ्याचा म्हसोबा राखतो का?”

मी सांगलीचा, मला तिथं लख्ख उजेड पडला आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. उसाची तोड वेळेवर येत नाही. ऊस वाळतो, वजन घटतं, शेतकरी कारखान्याकडं हेलपाटे घालतो. पण जळालेला ऊस लगेच तोडावा लागतो, नाहीतर वाया जातो, म्हणून त्याला आधी तोडणीची टोळी मिळते. मग कुणीतरी स्वतःचाच ऊस पेटवतो आणि कुणी पेटवला ठाऊक नाही म्हणतो. स्वतः पेटवला म्हटलं तर कारखान्यात बोलणी आणि गावात नाचक्की. ऊसपट्ट्यातल्या पोराटोराला हे माहीत असतं. सावंत कोकणातला, त्याला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला ठाऊक असून सुचलं नाही, कारण मी विकृत माणूस शोधत होतो. आणि गाव गप्प होतं, कारण आज त्याचा जळला तर उद्या आपलाही जाळावा लागेल, हे ज्याला त्याला कळत होतं. गाय मेली नसती तर कुणी ब्रसुद्धा काढला नसता. ती मेली आणि खापर फोडायला कुणीतरी हवं झालं.

सावंतचा चेहरा पडला होता. एवढी छान मालिका हातातून गेली. पण लगेच सावरला. “आता?”

“आता मला तहान लागलीय,” बाई म्हणाल्या. “तानाजीबापूंच्या घरी पाणी मिळेल.”

तानाजीबापू साठीचे, टोपी घातलेले, ओट्यावर बसले होते. पोलीस बघून उठून उभे राहिले. बाईंनी पाणी मागितलं, ओट्यावर बसल्या, पाण्याची तारीफ केली. मग सहज म्हणाल्या, “बापू, तुमच्या बांधावरचा म्हसोबा कुणी बसवलेला?”

“आमच्या आज्यानं. लय जुना हाय.”

“नारळ कोण फोडतं?”

“मीच की. दर अवसेला. कवा चुकवली न्हाई.”

बाईंनी पेला खाली ठेवला. “मग त्या सकाळी म्हसोबाला नमस्कार करून पेटवलात, की पेटवून केलात?”

सावंत दचकला. आवाजात दरडावणी नव्हती, सापळा नव्हता. नातेवाइकाला विचारावं तसं विचारलं होतं.

बापूंनी टोपी काढली. ती दोन्ही हातांत धरली.

“आदी केला, बाई,” ते म्हणाले. “म्हनलं, देवा, तुला धग लागू देनार न्हाई, माझं तेवढं निभाव. ऊस वाळून चालला हुता. गडबडीत वाऱ्याचं ध्यानातच आलं न्हाई वो. ती गाय मेली तवापास्नं घशाखाली घास उतरंना.” आणि ढसाढसा रडायला लागले. आत दाराआड त्यांची बायकोही रडत होती. तिला सगळं माहीत होतं, हे उघड होतं.

“आणि सारिकाचं नाव?”

“लोकं म्हनाली पळताना बघितली. मी न्हाई म्हनलो न्हाई. भ्यालो.”

सावंतनं जबाब लिहून घ्यायला शिपायाला हाक मारली. बाईंनी हात वर केला. “ते होईल. आधी हे सगळं त्या मुलीच्या दारात बोला, बापू. मला सांगून काय उपयोग?”

बापू उठले. आम्ही भर दुपारी गावातून चालत निघालो. पुढं बापू बोडक्यानं, मग बाई, मग सावंत आणि मी. पाराजवळ लोक उठले, पिठाच्या गिरणीतून बायका बाहेर आल्या, आणि सगळे मागून चालायला लागले. सारिकाच्या घरापर्यंत पोचेतो अख्खं गाव जमलं. तिची आई दारात आली ती पदर खोचूनच. “आता काय ऱ्हायलंय? पोरगी आमची पळती म्हनून ती चोर व्हय?”

मागनं सारिका आली. बारीक, काटक, केस घट्ट बांधलेले. बापू तिच्यापुढं उभे राहिले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलले. “पोरी, ऊस मीच पेटवला. माझाच मी. तुझा काय बी संबंद न्हाई.”

मग गर्दीतून एकजण पुढं आला, पहिल्या शेताचा मालक. “माझाबी मीच,” तो म्हणाला. दुसरा जागचा हलला नाही, पण मान खाली घालून म्हणाला, “माझाबी.” हे दोघं कबूल करतील असं बाईंनाही वाटलं नव्हतं. त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं, ते मला अजून आठवतं.

सारिका बापूंकडं बघत होती. “बापू, तुमच्यामुळं माझी भरती गेली असती. शाळंत हुते तवापास्नं पळतीया मी,” ती म्हणाली. रडली नाही. बापूंच्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग ती आत गेली आणि त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली.

बाईंनी तिच्या आईला हळूच विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं ना? आई म्हणाली, “आवं, सगळ्यास्नी ठावं हुतं. पर आमी बोललो तर म्हनत्यात, लेकीला वाचवाया बोलती. तुमी बोलला म्हनून ऐकलं.”

सावंतनं तिथंच, सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की मुलीची पडताळणी आजच्या आज सुटेल. आणि सुटलीही. बापूंवर रीतसर गुन्हा दाखल झाला. पण जळका गोठा त्यांनी आणि त्या दोघांनी मिळून परत उभा केला, आणि बापूंनी आपली दुभती गाय दावणीतून सोडून शेजाऱ्याकडं नेऊन बांधली. त्यांच्या बाजूनं चार शब्द बोलायला बाई कोर्टातही गेल्या. मी पुन्हा ड्रायव्हर!

परतताना बाई मुलीसारख्या खुशीत होत्या. रस्त्यात गुऱ्हाळ लागलं तिथं गाडी थांबवायला लावली. मी म्हटलं, आज तरी ऊस नको. “आजच हवा,” म्हणाल्या आणि दोन पेले रस प्यायल्या. मी विचारलं, बाई, सरंजामे इथं असता तर त्यानं काय केलं असतं? बाई ओठ पुसत म्हणाल्या, “एक विकृत शोधला असता. तुझे वाचक खूश झाले असते, आणि ती मुलगी घरी बसली असती.” सांगलीचे दिवे दिसायला लागले तेव्हा म्हणाल्या, “कोरेगावच्या त्या मुलाला काही परत देता येत नाही मला. पण आज बरं वाटतंय रे. खूप बरं वाटतंय.”

त्यानंतर मी सरंजामेला एका कथेत पोटभर जेवायला घातलं. संपादकांनी तो भाग कापला.

पुढं बाईंचे गुडघे दुखायला लागले आणि त्या साताऱ्याला भावाकडं राहायला गेल्या. उन्हाळ्यातल्या एका सकाळी त्यांना भेटायला गेलो. औषधं घ्यायला म्हणून आम्ही दोघं बाजारात निघालो. राजवाड्याजवळच्या चौकात वाहनांची ही गर्दी, हॉर्नचा कालवा, आणि बाई काठी टेकत कडेला थांबलेल्या. पलीकडं जाणं काही जमेना. तेवढ्यात चौकाच्या मध्यावरून शिट्टी वाजली. खाकीतल्या एका काटक पोरीनं दोन्ही हात आडवे करून चारी बाजूंची वाहतूक बंद केली. एक एसटी, दोन ट्रॅक्टर, रिक्षा, सगळं जागच्या जागी उभं. ती पोरगी चौकाच्या मधोमध खाडकन टाचा जुळवून उभी राहिली आणि तिनं बाईंना कडक सलाम ठोकला.

एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, “ओ मॅडम, मंत्री हायत का कोन?”

“त्यांच्यापेक्षा मोठ्या हायत. गप ऱ्हावा!” सारिका म्हणाली. हात खाली केला नाही.

मी बाईंचा हात धरायला गेलो. त्यांनी तो झटकला आणि काठी माझ्याकडं दिली. त्याच उन्हाळ्यात बाई गेल्या. पण मला त्या दिसतात त्या तशाच, अख्खा सातारा थांबलेला आणि पांढऱ्या बुटांतल्या बाई मान ताठ करून, जराही घाई न करता, रस्त्याच्या मधोमध चाललेल्या.